अजब प्राण्यांची भाषा

(काही चित्रांत आणि शिल्पांत जगात कोठेही न आढळणारे प्राणी दिसतात. ते का काढले गेले? त्यांचा अर्थ कसा लावावा? प्रस्तुत पाठात लेखकाने हे सोप्या उदाहरणांनी समजावून सांगितले आहे.)

मुलांनो, दास्तानांमध्ये 'देव' येतो तेव्हा तुमच्या डोळ्यांसमोर कोण उभा राहतो? डोक्यावर शिंगे, मोठे दात, डोंगराएवढे शरीर. तो माणसांना पळवून नेतो आणि शेवटी शूर नायक त्याला ठार करतो. आता मराठीच्या पुस्तकातला 'देव' आठवा. इथे देव म्हणजे परमेश्वर. लोक त्याच्यापुढे हात जोडतात.

शब्द एकच, पण अर्थ किती उलटे! हे दोन्ही शब्द एकाच प्राचीन मुळापासून आलेले आहेत. भारतात त्या शब्दाला मान मिळत राहिला. इराणात मात्र फार जुन्या काळीच त्याचा अर्थ पालटला आणि 'देव' म्हणजे दुष्ट शक्ती असे लोक मानू लागले. तिकडून तो फारसीत आणि फारसीतून उर्दूत आला.

असे आणखीही शब्द तुम्हांला भेटले असतील. उर्दूत 'खाली' म्हणजे रिकामे. मराठीत 'खाली' म्हणजे वरच्या उलट दिशेला. उर्दूत 'शिकस्त' म्हणजे हार. मराठीत 'प्रयत्नांची शिकस्त केली' म्हणजे होते नव्हते तेवढे सारे प्रयत्न केले. उर्दूतला अर्थ मनात धरून हे मराठी वाक्य वाचले, तर मेहनती माणूसही आपल्याला हरलेला वाटेल. म्हणून आपण आधी विचारतो, की हा शब्द कोणत्या भाषेत बोलला गेला आहे?

चित्रांचेही असेच असते. चित्रांना, शिल्पांनासुद्धा भाषा असते. ज्यांनी ती घडवली त्यांची भाषा समजून घेतली नाही, तर आपण त्यांचा भलताच अर्थ लावतो. विशेषतः कल्पनेतून काढलेल्या चित्रांबाबत ही चूक फार होते.

आपल्या हिंगोली जिल्ह्याचेच उदाहरण घेऊ. हिंगोलीहून परभणीकडे जाताना औंढा नागनाथ हे गाव लागते. तेथील नागनाथाचे मंदिर बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक मानले जाते. संत नामदेवांना त्यांचे गुरू विसोबा खेचर याच मंदिरात भेटले, अशी परंपरा आहे. मंदिराचा खालचा भाग काळ्या दगडाचा आहे. तो यादवांच्या काळातला आहे. वरचे पांढरे शिखर पुढच्या काळात बांधले गेले. दगडात दगड अडकवून बांधलेल्या अशा मंदिरांना आपल्याकडे 'हेमाडपंती' म्हणतात. हेमाडपंत हे यादव राजांचे मंत्री होते.

औंढ्याच्या मंदिराच्या बाहेरच्या भिंतींवर पाथरवटांनी हत्ती, माणसे, देवदेवता कोरल्या आहेत. हत्ती आपण सर्वांनी पाहिलेला आहे. पण या काळातील मंदिरांवर न पाहिलेले प्राणीही भेटतात. एखाद्याचे शरीर सिंहाचे असते आणि त्याला हत्तीसारखी सोंड असते. एखाद्याला सिंहाचे धड आणि पोपटाची चोच असते. अशा प्राण्यांना 'व्याल' म्हणतात. शिल्पशास्त्राच्या जुन्या ग्रंथांत व्यालांचे सोळा प्रकार सांगितले आहेत. म्हणजे पाथरवटाने वेळ घालवण्यासाठी मनाला येईल ते खोदले, असे नाही. त्यालाही नियम होते, शिक्षण होते.

आता कोणी म्हणेल, "असे प्राणी कोठे असतात? हे तर सारे खोटे!" हा प्रश्नच चुकीचा आहे. घोड्याचे चित्र पाहून आपण विचारू शकतो, की ते घोड्यासारखे दिसते का? पण कल्पनेतल्या प्राण्याला वेगळे प्रश्न विचारावे लागतात. ते तीन आहेत. पहिला, या प्राण्यात कोणकोणते भाग जोडले आहेत? दुसरा, तो कोठे ठेवला आहे? तिसरा, ज्यांनी तो घडवला त्यांच्या कथा, श्रद्धा आणि काळ कोणता होता?

हे तीन प्रश्न 'मकर' नावाच्या प्राण्याला विचारून पाहू. मराठी व उर्दू या दोन्ही भाषांतला 'मगर' हा शब्द या 'मकर' शब्दावरूनच आला आहे. (उर्दूत 'मगर' म्हणजे 'पण' असाही अर्थ होतो, तो मगर निराळा!) शिल्पातल्या मकराला मगरीचा जबडा, हत्तीची सोंड आणि माशासारखी शेपटी असते. हे झाले पहिल्या प्रश्नाचे उत्तर. मगर आणि मासा पाण्यात राहतात. हत्तीला पाणी फार प्रिय असते. सारे भाग पाण्याशी नाते सांगतात. हा मकर कोठे ठेवतात? अनेक मंदिरांत गाभाऱ्यातले पाणी बाहेर पडण्याच्या जागी. पाणी त्याच्या तोंडातून वाहते. तिसरे उत्तर कथांमध्ये मिळते. गंगा नदीचे वाहन मकर आहे. आता हा प्राणी वेडावाकडा वाटतो का? तो तर पाण्याचेच चित्र आहे.

दुसरे उदाहरण कीर्तिमुखाचे. मोठे वटारलेले डोळे, उघडा जबडा, बाहेर आलेले दात. नुसता चेहरा, खाली शरीर नाही. पाहणाऱ्याला वाटते, हा कोणी राक्षस असावा. पण मराठवाड्यातील जुन्या मंदिरांच्या उंबरठ्यावर हे चेहरे मानाने बसवलेले असतात. राक्षसाला दारात कोण बसवेल?

उत्तर पुराणातल्या कथेत आहे. एकदा शंकराच्या क्रोधातून एक भयंकर भुकेला प्राणी निर्माण झाला. ज्याला खाण्यासाठी तो धावला, तो शरण आला. शंकराने त्याला अभय दिले. मग तो प्राणी म्हणाला, "आता मी काय खाऊ?" शंकर म्हणाले, "स्वतःलाच खा." त्याने आज्ञा मानली. हात, पाय, पोट सारे खाऊन टाकले. फक्त चेहरा उरला. शंकर प्रसन्न झाले. त्यांनी त्याला 'कीर्तिमुख' हे नाव दिले आणि आपल्या दारात कायमची जागा दिली. कथा ऐकल्यावर तोच चेहरा वेगळा दिसू लागतो. त्यात आज्ञापालन दिसते. भुकेवर मिळवलेला ताबा दिसतो. कथा माहीत नसेल तर फक्त दात दिसतात.

तुम्हांला वाटेल, ही तर मंदिरांची गोष्ट झाली. इतर लोकांचे काय? आता एक गंमत पाहा. महाराष्ट्रात यादवांचे राज्य भरभराटीला होते, त्याच तेराव्या शतकात इराणमधील कझवीन गावी जन्मलेले जकरिया अल्-कझविनी हे विद्वान एक मोठा ग्रंथ लिहीत होते. त्याचे नाव 'अजाइब-उल्-मख्लूकात', म्हणजे निर्मितीतील नवलाई. त्यात ग्रह, तारे, समुद्र, झाडे, प्राणी यांची माहिती आहे आणि त्यांच्याबरोबर अनेक अद्भुत प्राण्यांचीही वर्णने आहेत. कझविनी इ. स. १२८३ मध्ये वारले. त्यांच्या हयातीतच, १२८० साली तयार झालेली या ग्रंथाची एक सचित्र प्रत जर्मनीतील म्युनिक शहरात आजही जपून ठेवलेली आहे. इकडे छिन्नी-हातोडा घेतलेला पाथरवट, तिकडे कलम घेतलेला लेखक. दोघांची एकमेकांशी ओळख नव्हती. पण सृष्टी पाहून माणसाने थक्क व्हावे, नेहमीच्या जगापलीकडचा विचार करावा, ही ओढ दोघांच्याही कामात दिसते.

पुढे अकबर बादशहाने अमीर हमजाची दास्तान चित्रांतून सांगण्याचे मोठे काम सुरू केले. हे काम साधारण इ. स. १५६२ च्या सुमारास सुरू झाले आणि सुमारे पंधरा वर्षे चालले. त्यात जवळजवळ १४०० चित्रे तयार झाली. चित्रे मोठ्या आकाराची आणि कापडावर काढलेली होती. मागच्या बाजूला कथा लिहिलेली असे. मीर सय्यद अली आणि अब्दुस्समद या इराणी उस्तादांच्या देखरेखीखाली अनेक भारतीय चित्रकारांनी त्यात काम केले. या चित्रांपैकी आज दोनशेपेक्षाही कमी उरली आहेत. त्यांत देव आहेत, अजदहे आहेत, जादूगार आहेत. पण झाडे, कपडे आणि चेहरे पाहिले, तर हिंदुस्थान ओळखू येतो. कथा अरब वीराची, चित्राची रीत इराणी आणि हात भारतीय. त्या चित्रांचा नीट अर्थ लावायचा असेल, तर या तिन्ही गोष्टी माहीत हव्यात.

आता पुन्हा आपल्या दख्खनमध्ये येऊ. इथल्या किल्ल्यांच्या दरवाजांवर सिंहासारखा एक बलाढ्य प्राणी कोरलेला आढळतो. अभ्यासक त्याला 'शरभ' म्हणतात. रायगडावर शरभ आहे. जंजिऱ्याच्या दरवाजाजवळही पंजांत आणि शेपटीत हत्ती पकडलेला असा प्राणी कोरलेला आहे. रायगड ही छत्रपती शिवाजी महाराजांची राजधानी आणि जंजिरा हा त्यांच्याशी लढणाऱ्या सिद्दींचा किल्ला. सिद्दींचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. दोघे एकमेकांचे शत्रू. पण दारावरचे चित्र एकाच घराण्यातले! कारण दारासमोर येणाऱ्याला जे सांगायचे होते, ते एकच होते. हत्ती हे बळाचे प्रतीक. हत्तींना खेळण्यासारखे पकडणारा प्राणी जिथे पहारा देतो, तिथे विचार करून पाऊल टाका.

आपल्या जिल्ह्याच्या उत्तरेला वऱ्हाड लागते. तेथे अमरावती जिल्ह्यात, चिखलदऱ्याजवळ गाविलगड हा किल्ला आहे. त्याच्या दिल्ली दरवाजावर दोन तोंडांचा एक पक्षी कोरलेला आहे. त्याचे नाव 'गंडभेरुंड'. हा पक्षी विजयनगरच्या राज्यातही प्रसिद्ध होता. आजच्या कर्नाटक राज्याच्या मुद्रेवरही तोच आहे. मग तो वऱ्हाडच्या इमादशाहीत कसा आला? इमादशाहीचा संस्थापक फतेउल्ला इमादुल्मुल्क हा मूळचा विजयनगरच्या मुलखातला होता, असे इतिहासकार फरिश्ता सांगतो. एका माणसाच्या जीवनात दोन संस्कृती एकत्र आल्या आणि त्यांची खूण दरवाजावर उमटली, असे म्हणता येईल.

याहून नवलाची आहे एक तोफ. तिचे नाव 'मुलूख-ए-मैदान' किंवा 'मलिक-ए-मैदान'. इ. स. १५४९ मध्ये अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे निजामशाहीत ती ओतली गेली. ओतणारा कारागीर होता मुहम्मद बिन हसन रूमी, म्हणजे तुर्कस्तानकडचा. तोफेचे वजन सुमारे ५५ टन आहे. आज ती विजापूरच्या (विजयपुराच्या) शर्जा बुरुजावर आहे. तिचे तोंड कसे आहे? जबडा उघडलेल्या अक्राळविक्राळ प्राण्यासारखे, आणि त्या जबड्यात हत्ती सापडलेला! परक्या देशातून आलेल्या कारागिराने दख्खनमधले चित्र उचलले आणि धातूत ओतले. दरवाजावर जे चित्र इशारा देत होते, तेच तोफेच्या तोंडावर धमकी देऊ लागले. बुरुजाचे नावही पाहा. 'शर्जा' हा फारसी शब्द, अर्थ चवताळलेला. 'शेर-ए-शर्जा' म्हणजे चवताळलेला सिंह. 'शरभ' हा शब्द संस्कृत आहे. दोन भाषांतले दोन शब्द एकाच दगडी सिंहाजवळ येऊन उभे राहिले.

रूप एकच असले तरी अर्थ मात्र नेहमी एकच राहील, असे समजू नका. अजदह्याचे उदाहरण पाहा. चीनमध्ये हा प्राणी पाऊस देणारा, शुभ आणि बादशहाच्या मानाचा समजला जातो. तेराव्या शतकात मंगोलांचे राज्य चीनपासून इराणपर्यंत पसरले. चिनी कापड, भांडी आणि चित्रे इराणात आली. इराणी चित्रकारांना तो नागमोडी, पंजे असलेला अजदहा आवडला. त्यांनी तसाच अजदहा शाहनाम्याच्या चित्रांत काढला. पण फिरदौसीच्या शाहनाम्यात अजदहा हा लोकांना छळणारा आहे. वीर त्याला मारतात. रूप चीनचे आले, अर्थ मात्र इराणचा राहिला. चीनमधला माणूस ते चित्र पाहून म्हणेल, "या शुभ प्राण्याला का मारता?" इराणी माणूस म्हणेल, "या दुष्टाला का पूजता?" दोघेही एकमेकांना अडाणी समजतील. खरे तर दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. 'देव' या शब्दाचे जे झाले, तेच अजदह्याच्या चित्राचे झाले.

मुलांनो, म्हणूनच दुसऱ्यांची चित्रे वाचायला शिकणे महत्त्वाचे आहे. अर्थ न समजता हसणे सोपे असते. 'हे आमचे नाही' असे म्हणून तोंड फिरवणे त्याहून सोपे असते. पण आपण नुकतेच पाहिले, की जंजिऱ्याचा आणि रायगडाचा प्राणी एकाच घराण्यातला आहे. ज्याला आपण परका म्हणतो, तो कदाचित आपल्याच वाड्याच्या दारावर बसलेला असेल. आपल्या जिल्ह्यात मंदिरे आहेत, मशिदी व दर्गे आहेत, विहारे आहेत. शेजाऱ्याची भाषा शिकल्याने आपली भाषा कमी होत नाही. आपल्याला एक घर अधिक उघडते. तसेच चित्रांचे आहे. चित्राचा अर्थ समजून घेणे म्हणजे त्यातील श्रद्धा स्वीकारणे नव्हे. तो शेजाऱ्याचे म्हणणे नीट ऐकून घेण्याचाच एक प्रकार आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. अर्थ लावताना घाई करू नका. बहुतेक ठिकाणी कारागिराने शिल्पाशेजारी त्याचा अर्थ लिहून ठेवलेला नसतो. शरभाच्या पंजातले हत्ती म्हणजे अमुक राजाचे अमुक शत्रू, असे कोणी ठासून सांगू लागला, तर त्याला नम्रपणे विचारा, "हे कशावरून?" एखादा शिलालेख आहे का? त्या काळच्या ग्रंथात उल्लेख आहे का? तसेच चित्र दुसरीकडे आहे का? पुरावा असेल तर 'असे आहे' म्हणा. पुरावा कमी असेल तर 'असे असावे' म्हणा. 'आहे' आणि 'असावे' यांतला फरक व्याकरणाच्या तासापुरता नाही. खरेपणाचे मोजमाप त्याच फरकाने होते.

आजही नवे अजब प्राणी जन्माला येत आहेत. चित्रपटांत, चित्रकथांत, मोबाइलवरच्या खेळांत ते दिसतात. हिंगोलीच्या दसऱ्याला रावणाचा उंच पुतळा उभा राहतो, तेव्हा त्याची तोंडे मोजली जातात. त्या प्रत्येकाला आपले तीन प्रश्न विचारून पाहा. यात काय काय जोडले आहे? हे कोठे ठेवले आहे? कोणाच्या कथेतून हे आले आहे?

आणि औंढ्याला किंवा कोणत्याही जुन्या वास्तूकडे गेलात, तर दगडावर आपले नाव कोरू नका. तेथे सातशे वर्षांपूर्वीचा एक माणूस काही सांगत उभा आहे. त्याचे बोलणे अजून पुसले गेलेले नाही. ते ऐका, आणि मग आपल्या मित्रांना सांगा.

शब्दार्थ

पाथरवट – दगड घडवणारा कारागीर
व्याल – अनेक प्राण्यांचे भाग जोडून बनवलेला काल्पनिक प्राणी
गाभारा – मंदिराचा सर्वांत आतला भाग
उंबरठा – दाराच्या चौकटीचा खालचा भाग
छिन्नी – दगड कोरण्याचे हत्यार
अक्राळविक्राळ – भयंकर दिसणारा
ठासून सांगणे – जोर देऊन सांगणे
शरण येणे – हार मानून आश्रय मागणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) हेमाडपंत कोण होते?
(आ) 'अजाइब-उल्-मख्लूकात' हा ग्रंथ कोणी लिहिला?
(इ) मुलूख-ए-मैदान ही तोफ कोठे ओतली गेली?
(ई) गाविलगडाच्या दिल्ली दरवाजावर कोणता पक्षी कोरलेला आहे?

२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) मकर हे पाण्याचे चित्र आहे, असे लेखक का म्हणतो?
(आ) कीर्तिमुखाला मंदिराच्या दारात मान का मिळाला?
(इ) अजदह्याचे 'रूप चीनचे, अर्थ इराणचा' असे कसे झाले?

३. 'आहे' आणि 'असावे' यांतील फरक पाठातील उदाहरण देऊन स्पष्ट करा.

४. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत असलेले, पण वेगळा अर्थ असलेले तीन शब्द शोधा. प्रत्येकाचे मराठीत वाक्य करा. (पाठात आलेले शब्द सोडून.)

५. उपक्रम : तुमच्या गावातील किंवा जवळच्या एखाद्या जुन्या वास्तूवरील शिल्प किंवा नक्षी पाहा. पाठातील तीन प्रश्न विचारून त्याविषयी दहा ओळी लिहा.